आत शून्य

रोज संध्याकाळी सहाला मी इंटरकॉम उचलायचे आणि एकच शब्द बोलायचे, "शून्य." पलीकडून "बरं" यायचं आणि मग सगळ्या वॉटर पार्कमध्ये एकेक शटर खाली यायला लागायचं. आधी नाश्त्याचं दुकान, मग लॉकरची खोली, मग बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्या, शेवटी पुरुषांच्या. तो खडखडाट मला आवडायचा. दिवसभर बोंबलणारी ती सगळी जत्रा माझ्या एका शब्दाने मिटते, याची मला मिजास होती. त्या मिजाशीपायी एका बाईचं काय झालं, ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं मी तिथे तिकिटाच्या खिडकीत होते. पार्क कोल्हापूरच्या बाहेर, हायवेपासून थोडा आत, तिन्ही बाजूंनी उसाचे फड. मी पेठ वडगावहून एसटीने जायचे-यायचे. वडील शाळेत शिपाई. नव्वदच्या दशकात, गावात कॉम्प्युटर डोळ्यांनी बघायलाही मिळत नव्हता तेव्हा, त्यांनी मला कोल्हापुरात क्लास लावला. आमच्या बौद्धवाड्यातून खुर्चीत बसायच्या नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी. वडील भेटेल त्याला सांगायचे, "पोरगी मशीनवर हाय." ती नोकरी माझ्या एकटीची नव्हती, सगळ्या घराची होती.

सुरुवातीला तिकीट म्हणजे नुसता कागद होता. आत आलं की अर्धा फाडून घ्यायचा, अर्धा गिऱ्हाइकाकडे. पहिल्याच उन्हाळ्यात लोकांनी त्याची वाट लावली. एक जण तिकीट काढून आत जायचा, उरलेला तुकडा दगडाला गुंडाळून मागच्या भिंतीवरून बाहेर फेकायचा, आणि "जेवायला बाहेर गेलतो की" म्हणत त्याचा चुलतभाऊ आत. मग पार्क चालवणाऱ्या आमच्या साहेबांनी मनगटावर शाईचा शिक्का काढला. तर ओलं मनगट दुसऱ्याच्या मनगटाला घासलं की शिक्क्याला जुळा भाऊ व्हायचा. आमची माणसं फुकट पोहण्यासाठी जेवढं डोकं चालवतात तेवढं शाळेत चालवतील तर कुठल्या कुठे जातील.

शेवटी बोटाचं मशीन आलं. ते बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला होता. त्याने मला दोन दिवस शिकवलं, आणि मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मशीन बोटाचा फोटो ठेवत नाही. बोटावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे त्यांना फाटे फुटतात, तेवढ्याच जागा ते टिपतं आणि त्यांचा एक आकडा करतं. तो आकडा तिकिटावरच्या काळ्या पट्ट्यांशी बांधला जातो. माणूस बाहेर जाताना आणि परत येताना पुन्हा बोट ठेवतो, मशीन पुन्हा टिपतं, जुन्याशी ताडून बघतं. पुरेसं जुळलं की गेटचा दांडा फिरतो. "पुरेसं म्हणजे किती?" मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "ते आपण ठरवायचं, मॅडम." जन्मात मला कोणी पहिल्यांदा मॅडम म्हटलं होतं.

आणखी एक काम मशीन आपलं आपण करायचं. आत गेलेल्यातून बाहेर आलेले वजा करून, या घडीला आत किती माणसं आहेत ते पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरात दाखवायचं. आत इतके. आत तितके.

पहिल्या दिवशी मी खिडकीतून "अंगठा ठेवा" म्हणाले आणि रांगेत भांडण पेटलं. एक म्हातारा पदर खोचल्यासारखं धोतर खोचून पुढे आला. "कशावर अंगठा घ्यालाय? आमी काय अंगठाछाप दिसतूय व्हय? जमीन लिवून घ्यालाय का?" चूक माझीच होती. आमच्या आजोबांनीही आयुष्यभर अंगठे उठवले, ते कसल्या कागदांवर हे त्यांना कधी कळलं नाही. वडील सही करायला शिकले त्या दिवशी आजोबा रडले होते म्हणतात. मला हे ठाऊक असून मी ते शब्द तोंडातून काढले. तेव्हापासून मी "बोट" म्हणायला लागले, अंगठ्याऐवजी तर्जनी मागितली की लोक निवळायचे. शब्दाने काय होतं ते त्या दिवशी मी बघितलं होतं. तरी त्यातून काही शिकले नाही.

कारण खरी अडचण पुढे होती. वॉटर पार्कमध्ये बोटाचं मशीन लावणं म्हणजे मुळातच शहाणपणाचा कळस. दोन तास पाण्यात डुंबलेल्या माणसाचं बोट मनुक्यासारखं होतं, मशीन ते ओळखत नाही. त्यात आत बाहेरचं खाणं न्यायला बंदी, म्हणून दुपारी सगळी कुटुंबं ओलीचिंब बाहेर यायची, टेम्पोच्या सावलीत भाकरी सोडायची आणि परत आत जायची. ऊस तोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांवर तर रेषाच उरलेल्या नसायच्या. मशीन लाल दिवा लावायचं आणि मागची रांग शिव्या द्यायची. म्हणून बाजूला एक लोखंडी फाटक केलं आणि तिथे एका म्हाताऱ्या वॉचमनला बसवलं. त्यांना सगळे मामा म्हणायचे. मशीनने नाकारलेलं माणूस मामा तिकीट बघून सोडायचे आणि भिंतीवरचं बटण दाबायचे, म्हणजे माझ्या पडद्यावरचा आकडा एकाने हलायचा. बटणं दोन. हिरवं आत येणाऱ्याला, तांबडं बाहेर जाणाऱ्याला. वर इंग्रजी अक्षरं होती, मामांना ती येत नव्हती, म्हणून साहेबांनी पेंटरला बोलावून मराठीत लिहून घेतलं. पेंटरने सुबक अक्षरात लिहिलं: हिरव्यावर 'आला', तांबड्यावर 'गेला'.

आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की आकडा संध्याकाळी खाली येतच नाही. पार्क रिकामा, मोर ओरडायला लागलेले, आणि पडद्यावर आत एकतीस. मी मामांकडे गेले.

"मामा, बाहेर जाणाऱ्याला तांबडं बटण दाबताय ना?"

"न्हाई."

"का?"

"अगं पोरी, जित्याजागत्या माणसाला 'गेला' म्हणायचं? ल्हान ल्हान लेकरं जात्यात म्होरनं, 'येतू मामा' म्हणत्यात, आन् मी त्यास्नी 'गेला' म्हणून बटण हाणू? माज्या हातनं न्हाई व्हायचं ते."

मला इतका राग आला. मशीनला काय कळतं कोण गेला आणि कोण वारला! मी त्यांना अडाणी म्हणाले, तोंडावर. मामा नुसते हसले आणि तंबाखू मळत बसले. पेंटरला दहा मिनिटं बोलावून 'गेला'च्या जागी 'बाहेर' लिहून घेतलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण मग मामांचंच खरं झालं असतं, आणि मी तर मशीनवरची मॅडम.

इंजिनिअरने मला एक बटण दाखवून ठेवलं होतं, तपासणीच्या वेळी वापरायचं. ते दाबलं की आकडा शून्य होतो, आणि ज्या तिकिटांची बाहेर जायची नोंद झालेली नाही त्या सगळ्यांपुढे ती घटका बाहेर पडल्याची वेळ म्हणून लागते. मी ते रोज सहा वाजता दाबायला लागले. आत एकतीस, आत शून्य. मग इंटरकॉम. कोणाला सांगितलं नाही. साहेब रोजचा कागद बघायचे, खाली शून्य असायचं, ते खूश.

पूर्वी, कागदी तिकिटांच्या काळात, बंद करताना सफाईवाल्या बायका एकेक खोलीचं दार ढकलून "कोण हाय का आत?" म्हणत फिरायच्या. माझं शून्य यायला लागल्यावर ते फिरणं आपोआप सुटलं. मशीनने सांगितल्यावर दारं कशाला ढकलायची?

जोतिबाची चैत्र यात्रा होऊन आठवडा झाला होता. यात्रा चुकलेली माणसं त्या रविवारी डोंगरावर जाऊन येत होती आणि उतरताना आमच्याकडे वळत होती. गुलालाने माखलेली बोटं बघून मशीनने तर हातच टेकले. एक मोठं कुटुंब दोन गाड्यांतून आलं होतं. त्यात नवी सून होती, लग्नाला वर्षही झालं नसेल. तिचं बोट तीनदा नाकारलं गेलं. सासू म्हणाली, "सोड तिकडनं फाटकातनं." पण मला त्या दिवशी हट्ट चढला. मी माझा रुमाल ओला केला, तिचं बोट स्वतः पुसलं, काचेवर दाबून धरलं. हिरवा दिवा लागला. ती खुदकन हसली. "वळखलं की मला!" म्हणाली. तिच्या हाताला गुलालाचा आणि खोबऱ्याचा वास येत होता.

संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर आत अडतीस होते. मी शून्य केलं. इंटरकॉम उचलला. शटरं खाली आली. मामा सायकलवर टांग टाकून घरी गेले, सफाईवाल्या गेल्या, पाणी गाळायचा मोठा पंप सुरू झाला. तो रात्रभर चालायचा आणि त्याच्या घरघरीत शेजारच्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू यायचं नाही.

पावणेसातला एक जीप परत येऊन गेटसमोर थांबली. त्या सुनेचा नवरा धावत खिडकीशी आला. निघताना बायका एका गाडीत आणि पुरुष दुसऱ्या गाडीत बसले होते. बायकांना वाटलं नवी नवरी नवऱ्याबरोबर असेल, नवऱ्याला वाटलं ती बायकांत असेल. हायवेवर चहाला थांबले तेव्हा कळलं की ती दोन्हीकडे नाही.

"मॅडम, आत ऱ्हायली असंल. बघू द्या की जरा."

"आत कोणी नाही," मी म्हणाले. "मशीन शून्य दाखवतंय."

"नक्की?"

त्याच्या खिशात सगळ्यांची तिकिटं होती. मी तिचं तिकीट घेतलं, पट्ट्या वाचल्या आणि पडदा त्याच्याकडे वळवून दाखवला. आत अकरा वीस. बाहेर सहा दोन.

सहा दोन. ती वेळ तिची नव्हती, माझ्या बोटाची होती. त्या क्षणी मला हे कळलं का? कळलं. पण दुसऱ्याच क्षणी मी मनाला समजावलं की रोज तीस-चाळीस तिकिटांपुढे अशी वेळ लागते आणि कधी काही झालेलं नाही, आजच काय व्हायचंय. बायकांच्या खोल्यांची किल्ली माझ्या पाठीमागे खिळ्याला टांगलेली होती. हात मागे केला असता तर लागली असती. पण वडगावची एसटी सातला होती, आणि ती चुकली की मग दीड तास हायवेवर एकटीने उभं राहायचं.

जीपमधून सासूचा आवाज आला, "काय म्हंत्यात?"

"आई, सहालाच भाईर पडलीया म्हंत्यात."

"पडली भाईर? म्हंजे गेली? कुटं गेली?"

जीप वळली. 'गेली' हा शब्द सासूच्या तोंडातून ज्या तऱ्हेने निघाला, त्यावरून तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. बाईमाणसाच्या बाबतीत 'गेली'चा तिसरा एक अर्थ असतो, आणि त्या अर्थाने गेलेल्या बाईला सुतक नसतं आणि परत येणंही नसतं.

त्या रात्री त्यांनी कोल्हापूरचं एसटी स्टँड पालथं घातलं, रेल्वे स्टेशन बघितलं, तिच्या माहेरी फोन लावून "तुमची पोरगी कुणासंगं गेली" म्हणून विचारलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा मी काखेत दाबून धरला होता. घरी मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, उन्हाचं असेल.

सकाळी सफाईवालीने शटर वर केलं तेव्हा ती सून खोलीच्या दाराशी बसलेली होती. ओलं लुगडं बदलताना पाय घसरून पडली, डोकं नळावर आपटलं. शुद्धीवर आली तेव्हा अंधार आणि बाहेरून शटर बंद. तिने रात्रभर पत्रा बडवला होता. हाताची सालपटं निघाली होती. आवाज पूर्ण बसलेला. जिवंत होती, हे ऐकून मी खुर्चीत बसले आणि हमसून रडले. मला वाटलं, सुटले.

दुपारी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. सासू, नवरा, गारगोटीकडून धावत आलेला तिचा भाऊ, आणि डोक्याला पट्टी बांधून ती. सासूने पहिलाच प्रश्न टाकला. "सहाला भाईर पडली असं मशीन म्हंतंय. मग रातभर हुती कुटं? पाटं मागल्या भितीवरनं चडून आली न्हवं कशावरनं?" सफाईवाली म्हणाली, "शटर म्या उगडलं, भाईरनं कुलूप हुतं." सासू म्हणाली, "तू त्यांचीच बाई."

साहेबांनी कागद काढला. छापून आणलेली एकच ओळ. आत अकरा वीस, बाहेर सहा दोन. खरं तर त्या दिवशीच्या यादीत अडतीस माणसं सहा वाजून दोन मिनिटांनी, एकाच क्षणाला, एकाच दांड्यातून बाहेर पडलेली होती. पूर्ण यादी कोणी बघितली असती तर हातच्या कांकणाला आरसा लागला नसता. पण साहेबांनी तिच्या एकटीचीच ओळ आणली होती. पोलीस केस झाली असती तर पार्कला टाळं लागलं असतं, हे त्यांनी मला सकाळीच सांगून ठेवलं होतं, आणि टाळं लागलं तर पहिली नोकरी कोणाची जाणार हेही.

मामांना बोलावलं. मामा दारातच मोठ्याने म्हणाले, "म्या तांबडं बटाण आजपत्तुर दाबलंच न्हाई. कवाच न्हाई. शून्य येतंयच कसं? ही बाई आतच हुती. इच्यारा त्या पोरीला." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेब हळूच म्हणाले, "बघा, यांनी कामात कसूर केल्याचं स्वतःच कबूल केलं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, तुम्ही सांगा. मशीन चुकतं का?"

"नाही," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. मशीन चुकलंच नव्हतं. माझ्या आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात घाणेरडं वाक्य अक्षरशः खरं होतं.

भावाने मला हात जोडले. "ताई, तुमी लिवून द्या की. शून्य मशीननं केलं का माणसानं केलं, येवडंच लिवून द्या. तिच्या घरचा सवाल हाय." मी लिहून दिलं नाही. तिला आवाजच नव्हता, ती नुसती माझ्या बोटांकडे बघत होती.

मामांना त्याच दिवशी काढलं. तिला सासरच्यांनी जीपमध्ये घेतलं नाही, भाऊ घेऊन गेला. आठवड्याने साहेबांनी पेंटरला बोलावून बटणांवर 'आत' आणि 'बाहेर' लिहून घेतलं. नवा वॉचमन दोन्ही बटणं बिनदिक्कत दाबायचा. पहिल्याच संध्याकाळी आकडा आपला आपण खाली आला आणि शून्यावर थांबला. मी तरीही उठले, किल्ली घेतली आणि एकेक दार ढकलून बघितलं. पुढचे चौदा महिने मी रोज बघत होते. त्याने काही भरून निघत नाही, हे मला कळत होतं.

चौदा महिन्यांनी कोल्हापुरात दुसरी नोकरी मिळाली. मगच मला हिंमत आली. मी स्वच्छ अक्षरात सगळं लिहिलं, अडतीस तिकिटांची जपून ठेवलेली यादी जोडली, खाली पूर्ण सही केली आणि गारगोटीच्या एसटीत बसले. तिचं माहेर तिथून पुढे दोन मैलांवर. ती गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होती. मला बघून तिने ओळखलं, पण ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी कागद पुढे केला.

"वाचा तुमीच," ती म्हणाली.

मी उभ्याउभ्या सगळं वाचलं. वाचून झाल्यावर तिने हात पुसले, कागद घेतला, नीट चार घड्या घातल्या.

"त्यानं दुसरी केलीया," ती म्हणाली. "दिवाळीच्या आदी." मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "हे तवाच का न्हाई दिलं, बाई?"

मी वाटेत पन्नास उत्तरं तयार केली होती. तोंडातून एकच आलं. "माझी नोकरी होती."

तिने मान हलवली, जणू एवढंच तिला ऐकायचं होतं.

"तुमची नोकरी हुती," ती म्हणाली. "माजं घर हुतं की."